काळा ओटा आणि विहीणबाईंचा फोन

प्रश्न : आम्ही देवनारला राहतो. स्वयंपाकघरातला जुना कडाप्पा काढून काळ्या ग्रॅनाइटचा ओटा केला. आता सून गरोदर आहे, आणि तिच्या आईचा फोन आला की ग्रॅनाइटमधून रेडिएशन निघतं, ओटा काढून टाका. त्यात बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) इतकं जवळ. काय करावं?
– एक सासूबाई

उत्तर : ताई, ओटा राहू द्या. पण विहीणबाईंचं म्हणणं अगदीच निराधार नाही, हे त्यांना आवर्जून सांगा. नातं गोड राहील.

ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम किंचित असतंच. मात्र दुकानात काळा ग्रॅनाइट म्हणून विकतात तो दगड बरेचदा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे बेसॉल्टचा भाऊबंद. त्यात ही मूलद्रव्यं आणखी कमी. आपली मुंबईही बेसॉल्टवरच उभी आहे. याउलट केरळात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती आहे आणि मोठ्या पाहणीतही कॅन्सर वाढलेला आढळला नाही.

माझी नोकरी इस्पितळाच्या एक्स-रे विभागात झाली. आम्हा सगळ्यांच्या छातीवर टीएलडी बॅज असे, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा. एक बॅज मात्र कुणीच लावायचा नाही, तो कंट्रोल बॅज. मशीनपासून लांब, ऑफिसच्या कपाटात तो टांगलेला. तरी तपासणीत तो कोरा निघत नसे! आकाशातून, भिंतींतून, जमिनीतून जे येतं ते त्याच्यावर उमटायचं आणि आमच्या आकड्यातून तेवढं वजा व्हायचं. नवी पोरं हे ऐकून हबकायची.

हा नैसर्गिक डोस जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप). त्यातला निम्मा एकट्या रेडॉन वायूचा. तो जमिनीतून, दगड-विटांतून झिरपतो आणि बंद खोलीत साठतो. म्हणून ओटा फोडण्यापेक्षा खिडकी उघडी ठेवा. दिवसभर एसी लावून कोंडून घेऊ नका. आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर भांडण त्याच्याशी करा. तंबाखूत पोलोनियम हे किरण सोडणारं मूलद्रव्य असतं, आणि धुराचे बाकीचे अपाय वेगळेच. पोलोनियम तिसऱ्यांतही असतं, पण तेवढ्यासाठी तिसऱ्या सोडायला मी तरी सांगणार नाही. सुनेच्या शरीरातल्या पोटॅशियममधूनही दर सेकंदाला हजारो किरण निघतात. तुमच्या-माझ्याही.

बीएआरसीचं म्हणाल, तर अशा केंद्रांमुळे सामान्य माणसाला मिळणाऱ्या डोसवर वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, निसर्गाचा आणि औषधोपचाराचा हिस्सा सोडून.

खरी विचारपूस करायची ती दवाखान्यात. सोनोग्राफी बिनधास्त करा, त्यात ध्वनिलहरी असतात. पण पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये निसर्गाचे तीन-चार वर्षांचे किरण एकदम मिळतात. कुणी सीटी किंवा एक्स-रे लिहून दिला, तर सुनेने टेबलावर झोपण्याआधीच सांगावं, ‘मी गरोदर आहे.’ डॉक्टरांना गरजेचाच वाटला, तर मग घाबरून टाळू नये.