बिनालोड साईन झकास, लोड लावला की टोकं सपाट

प्रश्न : सर, मी जळगाव एमआयडीसीत डाळ मिलच्या मशिनी रिपेर करतो. छोट्या व्हायब्रेटरी फीडरच्या कॉईल टेस्ट करायला ओपीए 549 या पॉवर ॲम्प्लिफायर आयसीचा ॲम्प्लिफायर बनवलाय. सप्लाय 15-0-15 चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि दोन्ही बाजूला 4700 मायक्रोफॅरड. करंट लिमिटला 22 के (22 किलोओहम) रेझिस्टर लावलाय. बिनालोड 12 व्होल्ट पीकची साईन एकदम स्वच्छ येते, पण 4 ओहमची कॉईल लावून 10 हर्ट्झला चालवलं की 10 व्होल्टच्या आसपास दोन्ही टोकं सपाट आणि खालच्या अर्ध्यात लाईन जाड, केसाळ दिसते. दुसरा आयसी टाकून पाहिला तरी तेच. आयसी डुप्लिकेट तर नाही ना? काय करू भो?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, दोन आयसी अगदी एकसारखे वागताहेत म्हणजे आधी सर्किटकडे बघायचं, तिसरा आयसी मागवू नका. आणि तुम्ही 22 के लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. या आयसीत आयलिम आणि रेफ पिनच्या मधला रेझिस्टर लिमिट ठरवतो, 75000 ला (7500 अधिक तुमचा रेझिस्टर) ने भागा, तुमचं येतं साधारण 2.5 अँपिअर. 2.5 गुणिले 4 ओहम म्हणजे 10 व्होल्ट, बरोबर तिथंच तुमची टोकं कापली जाताहेत. 12 व्होल्टला 3 अँपिअर लागणार, ते आयसी देतच नाहीये कारण तुम्हीच त्याला थांबवलंय. तिथं 7.5 के टाका, लिमिट 5 अँपिअर होईल.

खात्री करायची तर कॉईल काढा आणि 22 ओहम 10 वॉटचे पाच रेझिस्टर पॅरलल लावा, साधारण 4.4 ओहम होतात. टोक आता 11 व्होल्टच्या जवळ सरकलं तर ते करंट लिमिटच. सप्लाय बसत असता तर सपाट भाग पट्टीने मारल्यासारखा सरळ दिसला नसता, त्याच्यावर 100 हर्ट्झची लाट दिसली असती, म्हणून ऑसिलोस्कोपचा प्रोब आउटपुटला लावून झाला की एकदा रेलवर, म्हणजे सप्लायच्या प्लस-मायनस लाईनवरही लावून बघा.

कारण लिमिट वाढवल्यावर पुढची अडचण तिथंच येणार. तुमचा रेल बिनालोड 20 व्होल्टच्या आसपास असेल, पण 3 अँपिअर ओढले की 4700 मायक्रोफॅरडवर दोन चार्जिंगच्या मधे 4-5 व्होल्ट पडतात, वरून आयसीला स्वतःला दोन-तीन व्होल्ट लागतात, म्हणजे 12 व्होल्ट जेमतेम निघतील. प्रत्येक रेलला 10000 मायक्रोफॅरड करा.

आता केसाळ लाईन. ती हाय फ्रिक्वेन्सी ऑसिलेशन आहे, स्कोपचा टाईमबेस मायक्रोसेकंदात नेलात की सुटी दिसेल. हा आयसी लिमिटमध्ये ढकलला की आउटपुट स्टेज अस्थिर होऊ शकते, त्यात कॉईल आणि लांब वायर, त्यामुळे लिमिट वाढवल्यावर त्रास बराच कमी होईल असं मला वाटतं. तरीही आउटपुटपासून ग्राउंडला 10 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरड सिरीजमध्ये लावाच, रेझिस्टर कार्बनचा घ्या, वायरवाउंड नको. शिवाय दोन्ही सप्लाय पिनला 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर अगदी पायाला चिकटून, आणि कॉईलची परतीची वायर थेट फिल्टर कपॅसिटरच्या मधल्या पॉईंटला, इनपुटच्या ग्राउंडमधून अजिबात नाही. ही वायर चुकली तर बाकी सगळं करूनही डिस्टॉर्शन राहतं, आणि मग माणूस उगाच आयसीला दोष देत बसतो. कॉईल आहे म्हणून आउटपुटपासून दोन्ही रेलला एकेक फास्ट डायोडही हवा.

हीटसिंकमध्ये कंजूषी करू नका. 3 अँपिअर पीकला सप्लायमधून 38 वॉटच्या आसपास जातात, रेझिस्टरवर त्यातले जवळपास निम्मे लोडमध्ये जातात, पण फ्रिक्वेन्सी वाढवली की कॉईल फार थोडे खाते आणि बाकी सगळी आग आयसीत. आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये 45 डिग्री असतं, 160 च्या आसपास आयसी स्वतःहून बंद होतो आणि थंड झाला की परत चालू, तेव्हा आउटपुट थांबत थांबत यायला लागलं तर ते डिस्टॉर्शन समजू नका. आणि हो, मागचा टॅब मायनस सप्लायला जोडलेला असतो, अर्थ केलेल्या बॉडीवर कसायचा तर मध्ये अभ्रक आणि स्क्रूला बुश पाहिजेच, पॉवर देण्याआधी मीटरने तपासून घ्या.