शाळेत पंधरा वर्षे इतिहास शिकवल्यावर मोडी लिपी शिकण्याचा उपयोग होतो का?

होतो, आणि अनुभवी शिक्षकाला तर अधिकच होतो, कारण मराठेशाहीचे बहुतेक मराठी कागद मोडीत असून ते स्वतः वाचता आले की पाठ्यपुस्तकातले विधान मूळ पुराव्याशी ताडून दाखवता येते. माझ्या वर्गात ‘समान सबैन मया व अलफ’ ही अरबी अंकशब्दांत लिहिलेली कालगणना मुलेच उलगडतात: ८, ७०, १०० आणि १००० मिळून शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली वर्षगणना) ११७८, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले, म्हणजे इसवी सन १७७७-७८. मात्र बाराखडी काही आठवड्यांत येते, तरी शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेले जलद हस्ताक्षर वाचायला, त्यातील फारसी शब्द उमगायला, कित्येक महिन्यांचा नियमित सराव लागतो.