सेप्टिमस विनरवर लिहिण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा खर्डा वाचला. विषय उत्तम निवडलास. फिलाडेल्फियाचा सेप्टिमस विनर (1827–1902) गाणी रचायचा, छापायचा, वाद्यं शिकवायचा, वर दुकानही सांभाळायचा. पण तुझं सगळं लेखन इतरांनी लिहिलेल्या चरित्रांवर बेतलंय. आधी छापील गाणी समोर घे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लेव्ही संग्रहात ती घरबसल्या पाहता येतात.

सुरुवात ‘लिसन टू द मॉकिंग बर्ड’पासून कर. 1855 ची पहिली आवृत्ती ‘विनर अँड शुस्टर’ची. तिच्या मुखपृष्ठावर चाल रिचर्ड मिलबर्नची, शब्द आणि स्वरलेखन ॲलिस हॉथॉर्नचं असं छापलंय. ॲलिस म्हणजे खुद्द विनर; हॉथॉर्न हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. मिलबर्न हा रस्त्यावर गिटार वाजवत शीळ घालणारा कृष्णवर्णीय कलावंत, मॉकिंग बर्ड या अमेरिकन पक्ष्याची हुबेहूब नक्कल करणारा. पुढे हक्क ‘ली अँड वॉकर’ या प्रकाशकांकडे गेले आणि नंतरच्या मुखपृष्ठांवरून मिलबर्नचं नाव गळलं. दोन्ही मुखपृष्ठं शेजारी ठेव, म्हणजे डोळ्यांनाच दिसेल. तू मिलबर्नला तळटीपेत टाकलंयस, ते मला खटकलं. त्याला मजकुरात आण, चालीचा उल्लेख येतो तिथेच.

तारखांत भलेभले फसतात. छापील गाण्याच्या पानाच्या तळाशी अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कायद्यान्वये अमुक साली नोंद झाल्याची ओळ असते. ते साल नोंदणीचं, तुझ्या हातातली प्रत छापल्याचं नव्हे. कोरलेले धातूचे पत्रे जपून ठेवत आणि मागणी येईल तशा प्रती काढत, ती ओळ तशीच राही. म्हणून प्रकाशकाचा पत्ता बघ आणि त्या त्या वर्षाच्या शहर-निर्देशिकेशी, म्हणजे शहरातल्या नाव-पत्त्यांच्या छापील यादीशी, ताडून पाहा. पानाखालच्या पत्रा-क्रमांकावर, म्हणजे त्या धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या क्रमांकावर, एकट्यावर विसंबू नकोस. पत्रे विकले गेले तरी जुना क्रमांक अनेकदा तसाच राहतो.

विनरने ‘मॉकिंग बर्ड’चे हक्क पाच डॉलरला विकले, हे ‘सांगतात’ म्हणूनच लिही. ‘फसवणूक’ हा शब्द मात्र काढ. एकरकमी विक्री त्या धंद्यात सर्रास चाले. त्याच काळात गीतकार स्टीफन फॉस्टरला ‘फर्थ, पाँड’ या प्रकाशकांकडून प्रतीमागे वाटा मिळत होता, हेही नोंदव. अमेरिकेच्या 1831 च्या कॉपीराइट कायद्याने 28 वर्षांचा हक्क आणि 14 वर्षांची मुदतवाढ दिली होती; जाहीर गायन-वादनाचा हक्क 1897 मध्ये आला. तोवर रचनेची कमाई म्हणजे छापील प्रतीच.

1862 मध्ये, अमेरिकन यादवी युद्धात, राष्ट्राध्यक्ष लिंकननी आपल्या सैन्यातल्या जनरल मॅक्लेलनला हटवल्यावर विनरने त्याला परत आणा असं गाणं काढलं आणि देशद्रोहाच्या आरोपावरून त्याला अटक झाली. उरलेल्या प्रती नष्ट करण्याच्या बोलीवर तो सुटला. यावर तू दोन पानं खर्चलीस, एक परिच्छेद पुरे. वाचलेली जागा त्याच्या शिकवणी-पुस्तकांना दे. वीसहून अधिक वाद्यांसाठी दोनशेच्या वर पुस्तकं त्याने लिहिली, आणि तुझ्या खर्ड्यात त्यांचं नावही नाही.

पुढच्या खेपेला लेख नको, तक्ता पाठव: गाणं, छापलेलं नाव, नोंदणीचं साल, प्रकाशक, पत्ता, पत्रा-क्रमांक. पहिली दहा गाणी पुरेत.