दाताची नस वाचवता येते का?

प्रश्न : दाढ खोल किडलीय. गार पाणी लागलं की सणक येते पण लगेच थांबते. एक डॉक्टर म्हणतात रूट कॅनाल करा, दुसरे म्हणतात नस जिवंत आहे, सिमेंट घालून वाचवू. दातात सिमेंट??

उत्तर : हो, सिमेंटच, आणि गंमत म्हणजे बांधकामातल्या पोर्टलँड सिमेंटचंच हे शुद्ध केलेलं भावंड! कळ लगेच थांबते हे चांगलं लक्षण, रात्री आपोआप ठणकत असतं तर गोष्ट वेगळी. पूर्वी अशा ठिकाणी कॅल्शियम हायड्रॉक्साइड लावायचे, पण ते हळूहळू विरघळतं आणि खाली फट राहते. मग 1990च्या दशकात एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट) हे सिमेंट आलं, ते ओलाव्यातही घट्ट होतं, नसेवर ठेवलं की त्यातून कॅल्शियम सुटतं आणि नसेतल्या पेशी स्वतःच डेंटीनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराचा, नवा पापुद्रा बांधायला घेतात. फक्त सेट व्हायला पावणेतीन तास, वर दात काळपट पडायची भीती. बायोडेंटीन हे त्याच जातीचं नंतरचं सिमेंट साधारण 12 मिनिटांत सेट होतं, म्हणून मला ते जास्त आवडतं.

खरा निकाल मात्र कीड काढताना लागतो. नस उघडी पडली तर डॉक्टर सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकात भिजवलेला बोळा काही मिनिटं दाबून धरतात, रक्त थांबलं तर नस तग धरेल असं समजायचं, नाहीच थांबलं तर आणखी थोडी नस काढावी लागते किंवा मग रूट कॅनाल आहेच.

मेलेली नस परत उगवते का, हेही बरेच जण विचारतात. लहान मुलांच्या अर्धवट वाढलेल्या मुळात मुद्दाम रक्ताची गुठळी तयार करून आत नवी ऊती वाढवतात, पण ती हुबेहूब नस नसते.