साठ मिलीत एक चमचा

"आवं मॅडम, हिचं दूधच पुरंना झालंय. रातभर नुसतं कोकलतंय बाळ. डबा सुरू केलाय, पर त्यानंबी अंग धरंना. आता अंगावरचं बंद करून निस्तं डब्यावर ठेवावं का?"

नऊ दिवसांच्या मुलीला दुपट्यात गुंडाळून आजी माझ्यासमोर बसल्या होत्या. बाळंतिणीची आई. राहायच्या गडहिंग्लजला, पण लेकीचं सिझर कोल्हापुरात झालं म्हणून लेकीच्या सासरी, राजारामपुरीत येऊन राहिल्या होत्या. शेजारी सासूबाई, मागं बाळाचा बाप आणि सगळ्यात कडेला, खुर्चीच्या टोकावर, ती स्वतः. कानाला स्कार्फ, डोळ्यांखाली काळं. कोल्हापुरात स्तनपान समुपदेशनाचं काम करताना जवळजवळ रोज कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं. आणि जिच्या अंगावरचं दूध आहे, ती बहुतेक वेळा गप्प असते.

मी आधी वजन केलं. जन्माच्या वेळी २ किलो ९०० ग्रॅम. पाचव्या दिवशी घरी सोडताना २ किलो ६६०. आज २ किलो ७००. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच, सात टक्क्यांपर्यंत उतरलं तर आम्ही घाबरत नाही. दहा टक्क्यांच्या जवळ जाऊ लागलं की मात्र नीट शोधाशोध करावी लागते. हिचं आठ टक्क्यांच्या थोडं वर गेलं होतं. तेही एक वेळ चाललं असतं. मला खटकले ते नंतरचे चार दिवस. या वयाचं बाळ दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम तरी वाढायला हवं. हिनं चार दिवसांत चाळीस ग्रॅम घेतले होते, आणि तेही दिवसातून सहा वेळा साठ-साठ मिली डब्याचं दूध पिऊन.

साठ सक तीनशे साठ. पावणेतीन किलोच्या बाळाला या दिवसांत चोवीस तासांत साधारण चारशे मिली दूध लागतं. म्हणजे जवळजवळ सगळी गरज बाटलीतूनच भागत होती, वर थोडंफार अंगावरचं. मग वजन का वाढेना?

"आजी, तुम्ही दूध कसं करता ते मला इथंच करून दाखवा की."

त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, बाटलीत साठच्या रेघेपर्यंत कोमट पाणी घेतलं, डब्यातला एक चमचा घातला आणि बाटली हलवली. एकच चमचा. त्या डब्यावर तीस मिली पाण्याला एक सपाट चमचा, असं छापलेलं होतं.

"दाट झालं की पोट गच्च हुतंय वो लेकराचं," आजी म्हणाल्या. "म्हशीचं दूधबी पाणी घालूनच देतात की बारक्याला."

हे ऐकलं आणि सगळं उलगडलं. आपला जिल्हा म्हशीच्या दुधावर वाढलेला. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून घेऊन पेला तोंडाला लावणारी माणसं आपण. ते दूध बाळाला जड म्हणून त्यात पाणी घालायची जुनी रीत, आणि तीच रीत आजींनी पावडरीला लावली होती. त्यात त्यांचं प्रेमच होतं. पण पावडरीचं दूध पाण्याच्या हिशेबानंच बनवलेलं असतं. त्यात दुप्पट पाणी घातलं की बाळाचं पोट भरतं, पण अंगी लागत नाही. शिवाय जास्तीच्या पाण्यानं रक्तातलं मीठ उतरतं, आणि ते फार उतरलं तर बाळाला झटकेही येऊ शकतात. मी आजींना हे हळू आवाजात सांगितलं. तरी त्यांचा चेहरा पडलाच. त्याच दुपारी बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्यायला सांगितलं. कावीळ, रक्तातलं मीठ, सगळं बघून घेतलं. सुदैवानं ठीक होतं.

(म्हशीचं दूध द्यायचं का, हा पुढचा प्रश्न आजोबांकडून फोनवर आलाच. नवजात बाळाला नाही. आईच्या शंभर मिली दुधात प्रथिनं साधारण एक ग्रॅम असतात, म्हशीच्या दुधात त्याच्या चौपट. तो भार बाळाच्या मूत्रपिंडांना पेलत नाही, आणि धारोष्ण, न उकळलेलं तर नाहीच नाही.)

"मॅडम, एकच काय ते सांगा," बाप म्हणाला. "अंगावरचं की डब्याचं?"

मी म्हणाले, आज हा प्रश्नच नाही. आज बाळाचं पोट भरलं पाहिजे. डबा बंद करायचा नाही, तो नीट करायचा. पाणी उकळायचं, अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच पावडर घालायची, कारण पावडर निर्जंतुक नसते. तीसला एक चमचा, सुरीच्या पाठीनं सपाट केलेला. मग कोमट करून मनगटावर थेंब टाकून बघायचं. उरलेलं ओतून द्यायचं. आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा, किंवा घरात जुनं बोंडलं असेल तर ते, रोज उकळून.

सासूबाईंना हे पटलं नाही. "तुम्ही तर अंगावरचंच पाजा म्हणणार असं वाटलं हुतं." अकरा वर्षांपूर्वीची मी तसंच म्हणाले असते. तेव्हा माझ्याकडं एक बाई आली होती, दूध येत नाही म्हणून रडत. मी तिला धीर दिला, पाजत राहा म्हणाले, वरचं देऊ नका म्हणाले. वजनकाटा तेव्हा माझ्या टेबलावर नव्हता. सहाव्या दिवशी बाळ बारा टक्क्यांच्या वर उतरलं, पिवळं आणि सुस्त झालं आणि पाणी कमी पडल्यामुळं दवाखान्यात ठेवावं लागलं. बाळ बरं झालं. नंतर कळलं की त्या बाईची छाती गरोदरपणात अजिबात भरली नव्हती, दूध तयार करणारा भागच तिच्यात कमी होता. मी हे विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकीला पहिला प्रश्न तोच विचारते, आणि "येईल, येईल" असं वजन केल्याशिवाय कुणालाही म्हणत नाही.

हिला विचारलं. भरली होती. चौथ्या दिवशी दगडासारखी झाली होती, म्हणाली, दुखत होती, म्हणून गरम पाण्यानं शेकून तशीच ठेवली. म्हणजे दूध आलं होतं. सिझरनंतर ते एक-दोन दिवस उशिरा उतरतं, तसंच आलं होतं. पण तोवर बाळाचं पोट बाटलीनं भरलेलं, ते झोपून राहायचं, ओढायचंच नाही. दूध ओढलं नाही की शरीराला वाटतं, इथं गरज नाही, आणि ते बनवणं कमी करतं. पुरत नाही म्हणून वरचं दिलं, आणि वरचं दिलं म्हणून पुरेनासं झालं.

बाकीच्यांना मी बाहेर चहाला पाठवलं. दार बंद झालं तशी ती बोलायला लागली.

"मला कुणी विचारलंच नाही, मॅडम. दुसऱ्या रात्री टाके दुखत होते, इंजेक्शननं डोळा लागला. जाग आली तर बाळाच्या तोंडात बाटली. मी हो म्हटलो नव्हतो, नको पण म्हटलो नव्हतो." मग थोडं थांबून म्हणाली, "डब्यावर लिहिलंय, आईचं दूध सर्वोत्तम. दर वेळी चमचा घेताना ते वाचतो मी."

आपल्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी आलो, मी वाचतो. पण त्या दिवशी ते वाक्य फार जड वाटलं. मी तिला सांगितलं की ते वाक्य तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. १९९२ चा कायदा आहे, बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, आणि डब्यावर ही सूचना छापायचीच. ते कंपनीला घातलेलं बंधन आहे. आईवर ठेवलेला ठपका नाही.

दुसरी रात्र ही बहुतेक घरांत अशीच जाते. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी पाच-सात मिली मावतं, चमचाभर. त्याला पुरेल एवढाच चीक आईला येतो, दाट, पिवळा. पोट लहान म्हणून ते लवकर रिकामं होतं आणि बाळ पुन्हापुन्हा मागतं, चोवीस तासांत आठ-बारा वेळा. घरचे म्हणतात, भूक भागत नाही. खरवसासाठी आपण गवळ्याला आठ दिवस आधी सांगून ठेवतो, म्हशीच्या चिकाला एवढा मान देतो, आणि माणसाच्या चिकाला मात्र "पिवळं पाणी हाय" म्हणतो. देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजलेली बाळं सुमारे ४२ टक्केच होती. सिझर झालेल्या आईला तो तास बऱ्याचदा हुकतो, कारण तिच्याजवळ बाळ आणून द्यायला कुणी तरी लागतं.

मग आम्ही बाळाला लावून बघितलं. ती बाळाच्या तोंडाकडं छाती नेत होती, वाकून, पाठ दुखेपर्यंत, आणि बाळ नुसतं टोक चावत होतं. टाक्यांवर भार नको म्हणून मी बाळाला तिच्या काखेखालून, उशीवर, पाय मागं असं धरायला लावलं. बाळाचा जबडा मोठा उघडेपर्यंत थांबायचं, मग बाळाला छातीकडं आणायचं. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग बराचसा तोंडात. चौथ्या खेपेला जमलं. आधी भराभर ओढणं, मग लय संथ झाली आणि गिळण्याचा आवाज यायला लागला. दुसऱ्या बाजूनं दुधाचे थेंब तिच्या गाऊनवर पडायला लागले. तिनं खाली बघितलं आणि रडायला लागली. पान्हा फुटला होता. तो फुटायला मेंदूतून जे द्रव्य सुटतं, ते भीतीनं, दुखण्यानं, चार माणसं टक लावून बसली की अडतं. म्हणूनच मी चहाला पाठवलं होतं.

पुढचं सगळं हिशेबाचं काम होतं. प्रत्येक वेळी आधी अंगावर, दोन्ही बाजूंनी, मग डब्याचं, आता पुऱ्या ताकदीचं. पाजून झालं की हातानं उरलेलं काढायचं, तेही वाटीतून बाळालाच. रात्रीची एक खेप चुकवायची नाही, रात्री दूध बनवणारं द्रव्य जास्त असतं. दिवसाला सहा ते आठ लंगोट ओले झाले पाहिजेत, ते भिंतीवर रेघा मारून मोजायचे. दर तिसऱ्या दिवशी वजन. वजन वाढलं तरच वरच्यातले दहा-वीस मिली कमी करायचे. आणि बाळंतिणीला पाणी! "अंग थंड पडतंय" म्हणून तिला दिवसभरात दोन पेले देत होते. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू आनंदानं द्या, बाईचं अंग भरून येतं. पण तहान लागली तर पाणी द्या.

पहिल्या आठवड्यात फारसं काही घडलं नाही. ती दोनदा फोनवर म्हणाली की सोडून देतो. मी म्हणाले, सोडायचं असेल तर सोड, पण दमलीस म्हणून सोडतेस की नको आहे म्हणून, एवढं सांग. ती म्हणाली, दमलो. मग नवऱ्यानं रात्री दोनची खेप आपल्याकडं घेतली, वाटी-चमच्यानं, नव्वद मिली, आणि ती सलग चार तास झोपली. रात्रीची खेप चुकवू नको असं मीच सांगितलं होतं, पण त्या घरात त्या घडीला तिची झोप जास्त गरजेची होती. झोपेनंतर सकाळी छाती भरून यायची. तिसऱ्या आठवड्याअखेर दिवसाचा डबा पूर्ण सुटला. रात्री दोनचा राहिला.

त्यावर घरात पुन्हा कुरबुर झाली. सासूबाई म्हणाल्या, एवढं सुटलंय तर तेवढंबी काढा की. सहा महिने निव्वळ आईचं दूध, पाण्याचा थेंबसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मीही सांगते, आणि त्यामागं कारणं आहेत. आईच्या दुधातून येणारं संरक्षण डब्यात नसतं, जुलाब आणि छातीचे आजार अंगावर पिणाऱ्या बाळांना कमी होतात. ते सगळं मी तिला सांगितलं. मग विचारलं, तुला काय करायचंय? ती म्हणाली, "रात्रीचं राहू दे. तेवढ्यावर मी दिवसभर पाजतो." मी सासूबाईंना सांगितलं, हे तिनं ठरवलंय, आणि मला ते योग्य वाटतं.

दीड महिन्याच्या लसीला बाळ ३ किलो ८६० ग्रॅम होतं. आजी गडहिंग्लजला परत जायच्या तयारीत होत्या. निघताना म्हणाल्या, "माझ्या हातनं उपाशी ऱ्हायलं वो लेकरू." मी म्हणाले, तुम्हीच माझ्याकडं आणलंत त्याला, आजी, नाहीतर कळलं कुणाला असतं? त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि बाळाची टाळू हुंगली.

त्यानंतर आठवड्याभरानं तिचा फोन आला. बाळ रात्री दोनला उठेनासं झालं होतं, वाटीतलं दूध चार दिवस वाया जात होतं. उघडलेल्या डब्याला महिना होऊन गेला होता, म्हणून तो टाकून दे म्हणाले. नवा आणायचा का, असं तिनं विचारलं, मग माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाली, "आणतो एक. न उघडता ठेवतो कपाटात."