टाइप सेव्हन-सी यू-बोटीचं (दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी) १/७२ प्रमाणातलं किट आणलंय. यू-९६ करायची आहे. इतिहासाच्या दृष्टीने काय काय तपासू?

रंग आणायच्या आधी महिना ठरवा. नुसतं 'यू-९६' पुरत नाही, 'यू-९६, १९४१ ची अखेर' असं हवं. या प्रकारच्या साडेपाचशेहून जास्त नौका झाल्या आणि युद्धभर त्यांत बदल होत राहिले. १९४३ मध्ये आघाडीवरच्या बहुतेक नौकांवरून पुढची ८८ मिमी तोफ काढली, टॉवरमागे (डेकवरच्या मनोऱ्यामागे) विमानविरोधी तोफांसाठी दुसरा चौथरा आला, १९४४ मध्ये श्नॉर्केल (पाण्याखाली असताना वरची हवा घेणारी नळी). यू-९६ मात्र १९४३ च्या सुरुवातीलाच प्रशिक्षणाकडे गेली. म्हणून तिला पुढची तोफ हवी, एकच चौथरा हवा आणि श्नॉर्केल नको, मग डब्यात ते भाग असोत.

लांबी मोजून घ्या: खरी ६७.१ मीटर, म्हणजे किट ९३.२ सेंमी.

खरी मेहनत बाजूच्या फटींची, म्हणजे बाहेरच्या कवचात पाणी आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांची. त्यांची मांडणी गोदीगणिक वेगळी. यू-९६ कीलच्या गेर्मानियावेर्फ्ट गोदीची, तर याच प्रकारची यू-५५२ हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉसची, त्यामुळे नुसतं चिन्ह बदलून एकीची दुसरी होत नाही. आपल्याच नौकेचे बाजूने घेतलेले फोटो शोधा. चुकीच्या फटी प्लॅस्टिकची पट्टी आणि सुपरग्लूने बुजवा. पुट्टी नको, ती आकसते आणि ड्रिल लागताच निघते. फटी नुसत्या खोलगट असतील तर आधी आतून खरवडून भिंत पातळ करा, बल्बसमोर धरल्यावर उजेड झिरपेपर्यंत. मग ०.६ मिमी ड्रिलने ओळीत भोकं पाडा, सुरीने जोडा, चपट्या कानशीने कडा सरळ करा. दोन मिमी जाडीचं प्लॅस्टिक या प्रमाणात १४४ मिमीचा पत्रा होतो! तसंच ठेवून बाहेरून कापलं की फटीचं भुयार दिसतं आणि मधल्या काड्या तुटतात.

फटी उघडल्या की आतला पोकळपणा दिसू लागतो. खऱ्या नौकेत डेकखाली ४.७ मीटर व्यासाचा दाबरोधक हल (पाण्याचा दाब सोसणारं आतलं नळकांडं) असतो, म्हणजे इथे ६५ मिमी. हार्डवेअरच्या दुकानातला ६३ मिमी पीव्हीसी पाइप त्याला पुरेसा जवळ आहे. त्याची उभी अरुंद पन्हळ कापा, काळी रंगवा आणि फटींमागे बसवा.

जर्मनीत लाबोएला प्रेक्षकांसाठी ठेवलेली यू-९९५ संदर्भाला मोहात पाडते, पण ती सेव्हन-सी/४१ आहे, टॉवर उत्तरार्धातला, शिवाय प्रेक्षकांसाठी हलला दारं पाडली आहेत. झडपा, कठडे वगैरे बारकाव्यांपुरतीच ती वापरा.

पाण्यावरचा भाग फिकट राखाडी, खालचा गडद राखाडी. तळ लालभडक करायचा तर आधी पुरावा हवा. लाकडी डेकला गडद संरक्षक लेप असे, म्हणून जवळजवळ काळं ठेवा. फर्निचरसारखा तपकिरी डेक ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. टॉवरवर क्रमांक लावू नका, ते युद्ध सुरू होताना पुसले गेले. यू-९६ चं चिन्ह हसरा करवत-मासा. तो इतर नौकांवर दिसला तर गोंधळू नका, पुढे नवव्या फ्लोटिलाने (पाणबुड्यांच्या ताफ्याने) तोच घेतला.