येऊरमध्ये लाल कंठाचा माशीमार ओळखताना

हिवाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात लाल कंठाचा माशीमार हा पक्षी शोधताना तुम्ही केवळ कंठाच्या नारिंगी रंगावर विसंबू नका, कारण तो रंग पूर्ण वाढ झालेल्या नराचाच असतो; मादी आणि कोवळे नर खालून मळकट पांढरे दिसतात, आणि बहुधा तेच नजरेस पडतात. म्हणून आधी शेपटी पाहावी. ती काळसर असून बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग असतात, आणि पूर्व युरोपाकडून आलेला हा जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा पाहुणा ती वारंवार वर उचलतो. 'टर्रर्र' असा हलका, कोरडा आवाजही उपयोगी पडतो. त्याच्यासारखाच दिसणारा तैगा माशीमार मात्र अनुभवी निरीक्षकांनाही चकवतो. तैगा माशीमाराची चोच जवळजवळ पूर्ण काळी असते, तर लाल कंठाच्या माशीमाराच्या खालच्या चोचीचे बूड फिकट असते.